दिल्लीची जागा, सांगवीचा बांध

ताईचं नाव दिल्लीला गेल्याची बातमी आली तेव्हा मी सांगवीच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतो. बारामतीच्या कोर्टात वकिली करणारा माझा वर्गमित्र फोनवर नुसता ओरडत होता, "अरे, आधी टीव्ही लाव!" मी तसाच चिखलाच्या पायांनी घर गाठलं. आबा, म्हणजे माझे वडील, पडवीत बाजेवर पडले होते. त्यांना हाताला धरून आत आणलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टातले दोन न्यायाधीश निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोण यावं हे तिथले ज्येष्ठ न्यायमूर्ती बसून ठरवतात आणि नावं सरकारकडे पाठवतात. त्या दिवशी दोन नावं गेली होती. त्यातलं एक माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. ती तेव्हा हायकोर्टात न्यायाधीश होती.

"आबा, आपली ताई दिल्लीला चालली," मी म्हणालो.

आबांनी मला हाताने बाजूला सारलं. "सरक तिकडं. फोटो दिसू दी की."

फोटो जुना होता, वकिलीतला, काळ्या कोटातला. बातमी बदलून ऊसदराची बातमी लागली तरी आबा पडद्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी कपाटातला इस्त्रीचा सदरा काढला, अंगात घातला आणि बाहेर येऊन बसले. लोक येणार हे त्यांना माहीत होतं.

लोक आलेच. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्ससुद्धा लागला. त्यावर ताईचा फोटो मध्ये आणि तिच्या भोवती गावातल्या आणि तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे फोटो, काही तर तिच्यापेक्षा मोठे. कुणीतरी त्याचं चित्र ताईला पाठवलं असावं, कारण तिचा लगेच फोन आला.

"तो फ्लेक्स उतरव."

"अगं, मी कुठं लावलाय? लोकांनी लावलाय."

"मग लोकांना सांग, मी सांगितलंय. नुसती शिफारस झालीये, नेमणूक नाही. आणि झाली तरी नको."

मी उतरवला. दोघं-तिघं माझ्यासमोरच म्हणाले, "आत्तापास्नंच एवढा ताठा?" ताईबद्दल गावात हे नवीन नव्हतं. ती पुण्याला कायदा शिकली, हायकोर्टात वकिली केली, पुढे न्यायाधीश झाली, पण गावातल्या कुणाचं काम म्हणून तिने कधी केलं नाही. जामिनासाठी, बदलीसाठी, जमिनीच्या भांडणासाठी लोक आबांकडे यायचे आणि आबा हात जोडायचे. तिने लग्न केलं नाही, हेही गाव विसरलं नव्हतं. पण त्या दिवशी सगळे पेढे खाऊन गेले.

मग वाट बघणं सुरू झालं. मला वाटत होतं, आठवड्याभरात शपथविधी होईल. मी बायकोला दिल्लीच्या थंडीसाठी आबांची घोंगडी बाहेर काढायलाही सांगितलं होतं. ताईने फोनवर समजावलं की सरकारने फाइल पुढे पाठवायची असते, राष्ट्रपतींची सही व्हायची असते आणि या सगळ्याला मुदत अशी काही नसते.

"म्हणजे किती दिवस?"

"मुदत नाही म्हटल्यावर किती कसं सांगू?"

त्याच सुमारास एक गृहस्थ मोटारसायकलवर आमच्याकडे आले. साधा शर्ट, पायात चपला. चौकशीला आलोय म्हणाले, कुठल्या खात्याकडून ते मोघम ठेवलं. चहा घेतला, आबांच्या तब्येतीची विचारपूस केली आणि मग हळूच विचारलं, "मॅडमनी लग्न का न्हाय केलं?"

आबांना एरवी कमी ऐकू यायचं, पण ही गोष्ट मात्र नीट ऐकू आली. "तुमी जज्ज नेमताय का सून बघताय?"

ते हसले. नंतर आमचं मत कुठल्या पक्षाला असतं ते विचारलं, ताई गावी आली की कुणाकुणाला भेटते ते विचारलं. शेवटी उठता उठता म्हणाले, "भावकीत काही वादबिद?" त्यांनी हे इतक्या सहज विचारलं की माझ्या लक्षात आलं, हा माणूस आधी चुलतभावाच्या घरी जाऊन आलाय.

वाद होता. आमची आणि चुलतभावाची जमीन लागून. तो माझ्यापेक्षा मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणत आलो. मध्ये एक बांध. दर नांगरटीला तो बांध थोडा थोडा आमच्याकडे सरकायचा. आबांनी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, मग सरकारी मोजणी आणली. मोजणीच्या खुणेचे दगड दादाने उपटून विहिरीत टाकले. शेवटी बारामतीच्या कोर्टात दावा घातला आणि तो कितीतरी वर्षं चालला. आबा प्रत्येक तारखेला स्वतः जायचे. एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि येताना बारामतीच्या स्टँडवरून शेवेची पुडी आणायचे. फोनवर कधी दाव्याचा विषय काढलाच तर ताई पलीकडून म्हणायची, "आबा, हे मला सांगू नका," आणि फोन ठेवायची. आबांना तेव्हा तिचा राग यायचा.

दोन सऱ्यांची पट्टी आमची ठरली. मोजणीच्या नकाशावर निकाल लागला, त्यात दुसरं काही नव्हतं. पण निकाल लागला तेव्हा ताईला हायकोर्टात न्यायाधीश होऊन थोडेच महिने झाले होते. दादा कोर्टाच्या पायऱ्या उतरताना सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्यांच्या घरात जज्ज, त्यांचा बांध सरळच निघायचा." अपील त्याने केलं नाही. बोलणं मात्र बंद झालं.

पावसाळा संपत आला तेव्हा दिल्लीहून बातमी आली. दोन नावांतल्या एकाची नेमणूक झाली होती. ताईचं नाव मागे ठेवलं होतं. वर्तमानपत्रात एवढंच होतं की तिच्याविरुद्ध एक तक्रार आली आहे; वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात तिने आपलं वजन वापरलं, अशी.

मी बारामतीला वर्गमित्राकडे गेलो. त्याने पेपर बाजूला ठेवला. "तक्रार ही खुंटी आहे रे," तो म्हणाला. "त्यांना जे टांगायचंय ते वेगळंच आहे." मग त्याने मला पोलीस कोठडीत मेलेल्या एका मजुराची गोष्ट सांगितली. त्याच्या बायकोने हायकोर्टात याचिका केली होती आणि ताईने मोठ्या मोठ्या अधिकाऱ्यांची चौकशी लावली होती. तिने आम्हाला त्यातलं काही कधी सांगितलं नव्हतं. "तेव्हापासून ती नको आहे काही लोकांना," तो म्हणाला. नक्की कुणाला, ते मी विचारलं नाही. त्यालाही माहीत नसावं.

ती जागा रिकामीच राहिली आणि त्या जागेवर रोज बोलणं चालू झालं. टीव्हीवर माणसं भांडायची, की जागा कुठल्या राज्याला मिळावी, कुठल्या जातीला मिळावी, बायका किती झाल्या, पुरुष किती झाले. आमच्या इथेही तेच. खताच्या दुकानात, दूध डेअरीवर, सलूनमध्ये, मी आलो की विषय बदलायचा, आणि तो बदलल्याचं मला कळायचं. एकदा इंदापूरच्या स्टँडवर माझ्याकडे पाठ करून बसलेले दोघं बोलत होते. एक म्हणाला, "बाई कडक हाय म्हनत्यात." दुसरा म्हणाला, "कडक कसली, बांध खाल्लाय बापानं." मी कोकमचा ग्लास अर्धा ठेवून उठलो.

दिवाळीनंतर आमच्या भागातले एक पुढारी घरी आले. पूर्वी कधी आमच्या दारात आले नव्हते. गाडीतून उतरल्या उतरल्या आबांच्या पाया पडले.

"आबा, ताई आपल्या मातीतल्या. मी दिल्लीत शब्द टाकतो. पर तुमच्या पुतण्याची तक्रार आडवी आलीय. तेवढी त्यानं मागं घेतली की वाट मोकळी."

आबा पुढे वाकून ऐकत होते.

"आन् ताईंना म्हनावं, एकदा येऊन भेटून जा. काय न्हाय, नुसता चहा."

ते गेल्यावर मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "त्यांचा चहा घेतला आणि उद्या त्यांचंच प्रकरण माझ्यासमोर आलं, तर मी काय करू? नाही म्हणून सांग. आणि आबांना यातलं काही कळवू नकोस."

पण आबांनी सगळं ऐकलं होतं. चहाचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पुतण्याची तक्रार मागे घेतली की वाट मोकळी, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

दोन दिवसांनी सकाळी आबा काठी घेऊन निघाले. मी म्हणालो, "कुठं निघालाव?" ते चालतच राहिले. मी मागोमाग गेलो. ते बांधावरून दादाच्या वस्तीकडे वळले तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांत ते त्या वाटेने गेले नव्हते.

दादा गोठ्यासमोर पाटीत पेंड भिजवत होता. आबांना बघून तो उभा राहिला, हात तसेच ओले.

"या आबा. बसा."

आबा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बांध तुझा. दोन्ही सऱ्या तुझ्या. वकिलाला बोलव, कागद कर, मी सही करतो. पोरीच्या वाटंत येऊ नको."

दादा खाली पाटीकडे बघत राहिला. त्याची बायको घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांनी तो हातात घेतला नाही. "सही झाल्यावर पितो," म्हणाले.

मी आबांना थांबवायला हवं होतं, असं नंतर अनेकांनी मला ऐकवलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरंच वाटलं होतं. मला वाटलं, सुटलं एकदाचं. बारामतीला जाऊन समजुतीचा कागद झाला. दादाने तक्रार मागे घेत असल्याचं पत्र दिलं. त्या दिवशी त्याच्याकडचं पाणी आबा प्यायले.

ताई पुढच्या रविवारी न कळवता आली. गाडी लांब उभी करून चालत आली. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच पडवीत उभी राहिली.

"आबा, काय केलंत तुम्ही?"

"जमीन माझी. मी दिली."

"जमीन तुमची होती. नाव माझं होतं."

आबांना ते नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई त्यांच्याजवळ खाली बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. कोर्टात ती अशीच बोलत असेल, मला वाटून गेलं. "तक्रार खोटी होती, आबा. तिचं उत्तर मी दिलं होतं. निकालाची प्रत दिली होती, मोजणीचा नकाशा दिला होता. आता तुम्ही जमीन दिलीत आणि त्याने तक्रार मागे घेतली. लोकांनी आता काय समजायचं?"

"बाय, मला वाटलं..." आबा एवढंच म्हणाले.

ताईने त्यांचा हात हातात घेतला. पण तिचा राग गेला नव्हता, तो हात धरण्यातही दिसत होता. जेवायला ती थांबली नाही. जाताना मला गाडीजवळ म्हणाली, "तू तरी मला विचारायचंस."

व्हायचं तेच झालं. आठवड्याच्या आत एका पेपरमध्ये आलं की तक्रारदाराला जमीन देऊन प्रकरण मिटवलं. आमच्या पुढाऱ्यांचा फोन लागेनासा झाला. मी त्यांच्या इंदापूरच्या बंगल्यावर दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा बाहेरगावी. गाडी मात्र दारातच उभी होती.

उन्हाळ्यात ती रिकामी जागा भरली. दुसऱ्या कुठल्या राज्यातले, ताईपेक्षा कनिष्ठ असलेले एक न्यायाधीश तिथे गेले. टीव्हीवर त्यांचा शपथविधी दाखवला. ते वाईट माणूस होते असं कुणी म्हणालं नाही, ताईही नाही. नंतर आणखी एक जागा रिकामी झाली, तीही भरली. ताईचं नाव पुन्हा निघालं नाही. आबा मात्र रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायला लावायचे. "हाय का काय?" "न्हाय, आबा." पुढे पुढे ते विचारायचे बंद झाले, पण मी पेपर उलगडला की मान वर करायचे.

ताई हायकोर्टातूनच निवृत्त झाली. बासष्टला निवृत्त व्हावं लागतं तिथे. निरोपाच्या कार्यक्रमाला मी एकटाच गेलो, आबांना प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मोठमोठी माणसं बोलली. सगळ्यांनी तिच्या कामाचं कौतुक केलं आणि एकानेही दिल्लीचं नाव काढलं नाही. ताईने स्टेनोग्राफरचे, शिपायांचे, ड्रायव्हरचे आभार मानले आणि खाली बसली. मी शेवटच्या रांगेत होतो. शेजारचे वकील आपसात पुढच्या नेमणुकांबद्दल बोलत होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात आबा गेले. आजार असा काही नव्हता. खाणं कमी झालं, मग बोलणं. शेवटच्या दिवसांत ताई सांगवीतच होती, त्यांना चमच्याने पेज भरवत होती. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. आबांनी काढायचा प्रयत्न केला असेल तर तो मला दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं अस्थी घेऊन नीरा-नरसिंहपूरला गेलो. संगमावर पाणी कमी होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. सगळं झाल्यावर ताई पायरीवर बसली. मी पहिल्यांदाच तिला सरळ विचारलं.

"ताई, खरं कारण काय होतं? तो मजुराचा निकाल? का आपला बांध?"

"मला माहीत नाही."

"तुला कुणी काही कळवलं नाही?"

"नाही. पत्र नाही, फोन नाही. फाइल माघारी आली एवढंच कळलं." ती पाण्याकडे बघत होती. "मी न्यायाधीश होते तेवढी वर्षं एकही निकाल कारणं लिहिल्याशिवाय दिला नाही रे. कोंबडीचोराला शिक्षा दिली तरी का दिली ते लिहावं लागतं. माझं का झालं नाही, याची एक ओळ कुठे लिहिलेली असेल तर ती मला वाचायची होती. बाकी काही नाही."

"आबांना वाटत होतं, त्यांच्यामुळं गेलं."

"माहीत आहे. मी त्यांना सांगायला हवं होतं, तुमच्यामुळे नाही म्हणून. पण मलाच ते नक्की माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेलं सांगायची मला सवय नाही."

त्यानंतर ती रडली. आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

दहाव्याला भावकी जमली. दादाही आला. विधी उरकले, माणसं पांगली, तरी तो अंगणात घुटमळत राहिला. ताईने त्याला आत बोलावलं आणि स्वतः चहा टाकला. आम्ही तिघंच होतो.

"ताई," दादा म्हणाला, "ती तक्रार मी लिहिली न्हाय. मला एवढं लिवता तरी येतंय का? दोघं आले हुते. टाइप केलेला कागद हुता. म्हनले, नुसती सही कर, पोराला कारखान्यात लावतो. बांधाचा राग हुताच माझ्या मनात. केली सही. त्यातला एक जन तर आपल्या..."

"नाव सांगू नकोस," ताई म्हणाली.

"आगं पर..."

"नको. मी त्याचं आता काही करू शकत नाही. नुसतं नाव डोक्यात राहील."

मी विचारलं, "मग, लावलं का पोराला?"

त्याने मान हलवली. "न्हाय. पोरगं पुण्याला गाडीवर हाय, डबे पोचवतंय."

ताईने कप त्याच्यापुढे सरकवला. कप हातात धरून तो बसला, पण प्यायला नाही. मग म्हणाला, "आबा त्या दिवशी आले, तवा मला सांगायचं हुतं. तोंडच उघडंना."

रिकामं पातेलं उचलून ताई मोरीकडे गेली. दादा थोडा वेळ थांबला, आबांच्या फोटोला हात जोडले आणि उंबऱ्याबाहेर पायताण शोधू लागला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. बायको म्हणाली, "वन्स, राहू द्या, मी करते," पण ताई घासतच राहिली.